आधी खाडा बंद करा

‘आयुष्यातल्या छोट्या छोट्या क्षणांसाठी वेळ काढा’ हा उपदेश सध्या महाराष्ट्रभर फुकट वाटला जातो. रविवारच्या पुरवण्यांत तो छापून येतो, व्याख्यानमालांत टाळ्या घेतो, सकाळी सकाळी फुलांच्या चित्राखाली मोबाइलवर येऊन पडतो. मुलांसोबत जेवा, आईजवळ दोन घटका बसा, चहा निवांत प्या, मावळतीकडे बघा. मी बीड जिल्ह्यात राहतो, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि मला हा उपदेश आता ऐकवत नाही. वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तो काढायला फक्त मन लागतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ते खोटं आहे. माझ्या जिल्ह्यातल्या लाखो ऊसतोड कामगारांचा वेळ दरवर्षी पावसाळ्यातच आगाऊ पैसे देऊन विकत घेतला जातो. त्या विकलेल्या वेळातून स्वतःसाठी दिवस काढला तर दंड बसतो. त्या दंडाला खाडा म्हणतात.

हे सगळं कसं चालतं ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला एकदा नीट कळलं पाहिजे. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसांची मोजणीच हत्यारावर होते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लेकीचं लग्न झालेलं असतं, दवाखान्याचं बिल थकलेलं असतं. तेव्हा टोळीचा मुकादम येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती हजारांत नसते, लाखाच्या घरात जाते. हा पैसा कारखाना किंवा वाहतूक ठेकेदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या भागांतल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, पार बेळगावपर्यंत जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती उचल फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि पुढचं वर्षही आजच विकलं जातं.

उसाच्या फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. ऊस तोडायचा, सवळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री अकराला लागली तर रात्री अकराला भरायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टनामागचा दर 273 रुपयांवरून 366 रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. म्हणजे त्या दराने दोघांचे मिळून 732 रुपये. दोघांचे चौदा-चौदा तास धरले तर माणशी तासाला 26 रुपये पडतात. आता खाड्याचा हिशेब करा. ताप आला, पाळीने कंबर मोडली, लेकराला जुलाब लागले म्हणून एक दिवस कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थांबलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. वर खाडा बसतो, पाचशे रुपयांपासून पुढे. म्हणजे एक दिवस आडवं पडण्याची किंमत बाराशे रुपयांच्या वर. एका दिवसाची विश्रांती फेडायला दोघांना जवळजवळ पावणेदोन दिवस राबावं लागतं. अशा कोयत्यातल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं की, बाई गं, स्वतःसाठी थोडा वेळ काढ?

ज्यांना ‘छोटे क्षण’ म्हणून गोंजारलं जातं ते आमच्याकडे कोणते आहेत, तेही सांगतो. बाळंतिणीची पाचवी. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असं आमच्या बाया मानतात. घरात दिवा जागता ठेवतात, पाटा पुजतात, म्हाताऱ्या रात्रभर बसून राहतात. फडावर बाळंत झालेल्या बाईची पाचवी कुठे होते? चार-आठ दिवसांत पुन्हा मोळी उचलणाऱ्या बाया आमच्या गावोगाव आहेत. बाळ साडीच्या झोळीत, झोळी बांधावरच्या बाभळीला नाहीतर ट्रॅक्टरच्या दांड्याला. बाळ रडलं की पाजायला यायचं, पण सरीतला ऊस संपवून. मार्गशीर्षातली येळवस आमच्या भागात शेतात जेवायचा सण. त्या दिवशी ही माणसं दुसऱ्याच्या शेतात कोयता चालवत असतात. संक्रांतीचं हळदीकुंकू फडात, शिमगा फडात. आणि मरण. गावाकडे म्हातारा गेल्याचा फोन आला की आधी मुकादमाची परवानगी, मग गाडीभाड्याची जुळवाजुळव, मग खाड्याचा हिशेब. मातीला पोचता पोचता राख सावडायची वेळ झालेली असते. बापाच्या मातीला जाणं हा ‘छोटा क्षण’ नाही, हे मला ठाऊक आहे. पण इथे तोही मिळत नाही, मग चहाच्या घोटाची गोष्ट कशाला काढायची?

माझ्या वर्गाचंही बोलतो, कारण ते मी रोज बघतो. दिवाळीची सुट्टी संपली की शाळा भरते आणि वर्ग अर्धा रिकामा असतो. हजेरीपटावर नावं असतात, बाकावर पोरं नसतात. काही पोरं आजीकडे राहतात, हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली त्यांची दोन वेळच्या जेवणाची सोय होते. बाकीची आईबापांबरोबर गेलेली असतात, धाकट्या भावंडाला सांभाळायला, उसाचे वाढे गोळा करायला, पाणी भरायला. आजीकडे राहिलेलं पोर सकाळी स्वतः चूल पेटवून, म्हातारीला चहा देऊन शाळेत येतं. त्याला परीक्षेत ‘माझी आई’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगतात. ते आईला वर्षातून सहा महिने बघत नाही. आईबाप त्याच्यावर प्रेम करतात, जिवापाड करतात. त्याच्या वहीवरून हात फिरवायला जी संध्याकाळ लागते ती दुसऱ्याच्या वहीत उचलीच्या खात्यावर जमा झालेली आहे. ‘मुलांना वेळ द्या’ असं मोठ्या अक्षरांत लिहिणारे पालकत्वाचे तज्ज्ञ या आईबापांना काय द्यायला सांगणार आहेत?

आणि या व्यवस्थेने बाईच्या शरीरातले दिवसही सोडले नाहीत. एप्रिल 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सुमारे 17 टक्के. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बाया होत्या, त्याहून लहानही होत्या. याला कारणं अनेक. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. त्यातून अंगावरून जाणं, पोटदुखी, जंतुसंसर्ग. त्यावर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकणारे खासगी डॉक्टर. पण या सगळ्याच्या मुळाशी खाडा आहे. महिन्यातले तीन-चार दिवस बसता येत नाही, बसलं की दंड, म्हणून ते दिवसच अंगातून कापून काढायचे. शस्त्रक्रियेसाठी कर्ज, कर्जासाठी वाढीव उचल, उचलीसाठी पुन्हा फड. कमी वयात गर्भाशय गेल्याने पुढे हाडं दुखतात, थकवा येतो, पुन्हा दवाखाना लागतो, पुन्हा उचल लागते.

त्यानंतर नियम झाला की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करायची नाही. चांगला नियम आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याने डॉक्टरचा हात धरला, मुकादमाच्या वहीतला खाडा तसाच राहिला. पिशवी काढू नकोस असं बाईला सांगायचं आणि पाळीच्या दिवशी घरी बसलीस तर पैसे कापू असंही तिलाच सांगायचं, हा दुटप्पीपणा सरकारनेच चालवला आहे.

यावर येणारी उत्तरं मला पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर असं की, उचल त्यांनीच घेतली, मग काम करायला नको का? करायला हवं, ते करतातही. उचल घेऊन न येणारे कोयतेही असतात आणि त्यापायी कर्जात बुडालेले मुकादमही मी पाहिले आहेत. मुकादमही बहुतेकदा आमच्यातलाच, वरच्याच्या दाबाखालचा माणूस असतो. पण पैसे उसने घेतले म्हणून कुणी आपला ताप विकत नाही, बाळंतपण विकत नाही, बापाची माती विकत नाही. बँकेचं कर्ज घेतलेल्या नोकरदाराने आजारपणाची रजा घेतली तर बँक त्याला रजेचा दंड लावत नाही. मग हाच न्याय कोयत्याला का नाही?

दुसरं उत्तर असतं की तोडलेला ऊस थांबत नाही, एक-दोन दिवसांत त्यातली साखर उतरते, कारखाना चोवीस तास चालतो, म्हणून तोडणी थांबवता येत नाही. ऊस नाशवंत आहे हे खरं. पण कारखान्याच्या गेटच्या आत बघा. तिथे बॉयलरवर, मिलवर, पॅनवर माणसं तीन पाळ्यांत काम करतात. आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी घेतात, आजारी पडली तर रजा टाकतात. तरीही गाळप दिवसरात्र चालू राहतं. यंत्र न थांबवता माणसाला थांबू देण्याची विद्या कारखानदारांना नीट येते. ती गेटच्या आत वापरायची आणि गेटच्या बाहेर विसरायची, एवढाच हा प्रश्न आहे. कुठला फड कधी तोडायचा याचा कार्यक्रम कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं, चिटबॉय चिठ्ठ्या देतो. त्याच कार्यक्रमात प्रत्येक टोळीला आठवड्यातून एक दिवस लिहायला शाई किती लागते?

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त चीड आणतं. ते म्हणजे, गरीब माणसं थोडक्यात सुखी असतात, फडातही हसतात, गातात, त्यांच्याकडून आपण समाधान शिकावं. हे म्हणणाऱ्याने एक रात्र कोपीत काढावी. उसाच्या पाचटाची नाहीतर फाटक्या ताडपत्रीची कोपी, डिसेंबरची थंडी, शेजारी बैल, दिवाबत्ती नाही. तिथेही माणसं हसतात, कारण ती माणसं आहेत. त्यांचं हसणं हा व्यवस्थेच्या चांगुलपणाचा पुरावा नाही. त्यांच्या हसण्यावर आपल्या समाधानाचे लेख लिहिणं ही लूट आहे.

वेळ कुणी सहज देत नसतो. तो भांडून घ्यावा लागतो, हे महाराष्ट्राला सव्वाशेहून जास्त वर्षांपासून माहीत आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या बाजूने उभे राहिले. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, मालकांशी वर्षानुवर्षं भांडले. रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या माणसांना त्या दिवशी देवाला, घराला, समाजाला वेळ हवा, ही त्यांची मागणी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज ज्या रविवारी पुरवणी उघडून तुम्ही ‘क्षण जगा’ वाचता तो रविवार असा मिळालेला आहे. लोखंड्यांनी कामगारांना ‘वेळेचं नियोजन करा’ असं सांगितलं नाही. त्यांनी मालकाकडून वेळ काढून घेतला. त्या घटनेनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, त्याच राज्यात, सहकाराच्या नावाने चालणाऱ्या उद्योगात काम करणाऱ्या माणसांना रविवार नाही. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ही चळवळ शेतकऱ्याला सावकाराच्या जाचातून सोडवायला निघाली होती. 1972 च्या दुष्काळानंतर बालाघाटाच्या डोंगररांगेतली गावं या कारखान्यांसाठी मजुरांची खाण झाली. सावकाराच्या विरोधात उभ्या राहिलेल्या उद्योगाने आमच्या दारात उचलीची सावकारी आणून बसवली. याची लाज सहकारमहर्षींच्या वारसांना वाटली पाहिजे.

आणि आमच्या जिल्ह्याचे पुढारी? या जिल्ह्याचं राजकारण कोयत्याच्या जिवावर उभं आहे. गोपीनाथ मुंडे यांनी या लोकांसाठी संप केले, दर वाढवून घेतले, हे मी मानतो. त्यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून घेऊन ते चालवायचं ठरलं. ओळखपत्रं आली. संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली. या सगळ्याचा उपयोग आहे. पण आजवरच्या करारांचा कणा काय राहिला? टनाचा दर आणि मुकादमाचं कमिशन. वाटाघाटी टक्क्यांवर अडतात आणि टक्क्यांवर सुटतात. दसऱ्याला सावरगावला पुढाऱ्यांच्या मेळाव्याला लोटणारी गर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाड्यांत बसते. त्या गर्दीच्या वतीने एकही नेता ठणकावून म्हणत नाही की माझ्या माणसाचा खाडा कापलात तर एकही मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडणार नाही. मोळी टाकायच्या समारंभाला मात्र सगळे फेटे बांधून हजर.

आम्ही पगारदारही यातून सुटत नाही. जिल्ह्यातले शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले, वकील, डॉक्टर, आमच्यापैकी निम्म्यांच्या आईबापांनी कोयता धरलेला आहे. त्यांच्या तोडलेल्या उसावर आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, शहरात फ्लॅट घेतले. आता आम्हीच कार्यक्रमांत वक्ते बोलावतो, ‘ताणमुक्त जीवन’ ऐकतो आणि गावी गेल्यावर फडाच्या माणसाला सांगतो, दादा, जरा पोरांकडे लक्ष देत जा. असा सल्ला देताना आमची जीभ अडखळली पाहिजे. नैमित्तिक रजा, वैद्यकीय रजा, सहा महिन्यांची प्रसूती रजा, मे महिन्याची सुट्टी यांच्या आडोशाला आमचे क्षण सुरक्षित आहेत. 2017 पासून कायद्यात 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. फडावरच्या बाईपर्यंत त्यातला एक आठवडाही पोचत नाही, कारण तिचा मालक कोण हेच कुणी कबूल करत नाही. कारखाना म्हणतो ती ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो ती आपल्या नवऱ्याबरोबर आली. तिने तोडलेल्या उसाची साखर विकताना मात्र पोत्यावर कारखान्याचंच नाव असतं.

म्हणून मला वेळेच्या उपदेशाऐवजी वेळेचा कायदा हवा आहे. खाड्याची वसुली गुन्हा ठरवा आणि ती करणाऱ्यावर, करायला लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. कारखान्यालाच ऊसतोड कामगाराचा मालक ठरवा, हजेरी त्याच्या नावाने लागू द्या आणि मजुरी नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांवर जाऊ द्या. ‘कोयता’ ही एकत्र मोजणी बंद झाल्याशिवाय बाईचा दिवस बाईचा होणार नाही. तोडणी कार्यक्रमात प्रत्येक टोळीला आठवड्याची भरपगारी सुट्टी लिहा. पाळीचे दिवस, बाळंतपण, आजारपण आणि घरातलं मरण यांसाठी पगारी रजा द्या. तिचा खर्च कारखान्याने आणि टनामागे जमा होणाऱ्या निधीने उचलावा. फडाच्या तळावर पाणी, संडास, न्हाणीघर आणि पाळणाघर नसेल तर त्या कारखान्याला गाळपाचा परवाना देऊ नका. परवाना सरकारच देतं, तेव्हा हे सरकारला उद्या करता येईल.

दर वाढला पाहिजे, दुप्पट झाला तरी मला आनंदच आहे. पण पुढच्या करारावर सह्या करताना आधी दिवसांचा आकडा लिहा आणि मग रुपयांचा. सुट्टीचा एकही दिवस नसलेल्या करारावर सही करणाऱ्या नेत्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, बीड जिल्ह्याने गावात पाऊल ठेवू देऊ नये. आणि ज्यांना ‘छोट्या क्षणां’वर लिहायचं, बोलायचं आहे त्यांनी खुशाल लिहावं, पण हे क्षण ज्यांच्याकडून दंड लावून काढून घेतले जातात त्यांची बाजू त्याच लेखात, त्याच व्यासपीठावर मांडावी. ते जमत नसेल तर गप्प बसावं. माझ्या विद्यार्थ्यांच्या आईबापांना उपदेशाची गरज नाही. त्यांना त्यांचा वेळ परत हवा आहे.